नाताळचं पहिलं कार्ड आणि कडेची दोन चित्रं

नाताळ तोंडावर आलाय, म्हणून आजचा भाग नाताळातल्या देण्याघेण्यावर. भाग इतिहासाचा आहे, पण शेवटी आपण पोचणार आहोत तुमच्या-माझ्या डिसेंबरपर्यंतच. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं तेवढं काढून टाकलंय.

तर सुरुवात करू एका कार्डापासून.

साल १८४३. शहर लंडन. हेन्री कोल नावाचा एक सरकारी अधिकारी होता. भारी खटपट्या माणूस. ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीत देशात कुठेही पत्र पाठवायची सोय झाली, त्या कामात हाही होता. पण झालं काय, की पत्र पाठवणं स्वस्त झालं आणि नाताळात शुभेच्छांच्या पत्रांचा ढीग पडायला लागला. आलेल्या पत्राला उत्तर न देणं म्हणजे त्या काळी उद्धटपणा. उत्तरं लिहायला वेळ कुणाकडे? मग कोलने डोकं चालवलं. जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकार मित्राकडून एक चित्र काढून घेतलं, ते कार्डावर छापलं, वर नाव लिहायला जागा, खाली सही करायला जागा. झालं काम! सुमारे १,००० कार्डं छापली, स्वतःला लागतील ती ठेवली आणि बाकीची १ शिलिंगला एक अशी विकायला काढली. नाताळचं पहिलं छापील कार्ड म्हणून हेच ओळखलं जातं. आपल्या फॉरवर्डेड शुभेच्छांचे पणजोबा म्हणा ना!

आता हे चित्र जरा डोळ्यांसमोर आणा, किंवा फोनवर शोधून बघा. मधोमध एक कुटुंब आहे. आजीआजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे टेबलाभोवती बसलेत, हातात पेले आहेत, आणि ते पेले उंचावून थेट आपल्याकडे बघतायत. एका लहान मुलीच्या तोंडालाही वाइनचा पेला लावलाय. त्यावरून दारूबंदीवाले तेव्हा चांगलेच भडकले होते. लोक आजही या कार्डाबद्दल बोलतात ते बहुतेक या पेल्याबद्दलच.

पण या चित्राच्या दोन्ही कडांना आणखी दोन लहान चित्रं आहेत. वेलींच्या चौकटीत बसवलेली, फिकट रंगातली. एकात भुकेल्याला अन्न देतायत. दुसऱ्यात उघड्याला वस्त्र देतायत. म्हणजे हॉर्सलीने नाताळ काढला तो तीन चित्रांत: मधे घर, आणि दोन्ही बाजूंना घराबाहेरची माणसं.

आजचं एखादं नाताळचं कार्ड किंवा स्टेटस बघा. झाड आहे, बर्फ आहे (नगरला आणि नागपूरलासुद्धा बर्फ!), सांता आहे, गिफ्टचे खोके आहेत. मधलं चित्र चांगलं मोठं झालंय. कडेची दोन चित्रं मात्र गळून पडली. ती कुठून आली होती आणि कुठे गेली, तेच आज बघायचंय.

त्याच डिसेंबरातलं एक पुस्तक

ज्या नाताळात हे कार्ड निघालं, त्याच नाताळात, त्याच लंडनमध्ये, एक छोटं पुस्तक बाजारात आलं. १९ डिसेंबर १८४३. लेखक चार्ल्स डिकन्स, पुस्तक ‘अ ख्रिसमस कॅरोल’. कवडीचुंबक स्क्रूज म्हाताऱ्याची ही गोष्ट तुम्ही वाचली नसेल तरी पाहिली नक्की असेल, कारण तिचे सिनेमे आणि कार्टून किती झालेत त्याला मोजदाद नाही.

पण हे पुस्तक आधी गोष्ट म्हणून लिहायचं ठरलंच नव्हतं.

झालं असं. १८४३ च्या सुरुवातीला ब्रिटिश पार्लमेंटच्या एका चौकशी आयोगाचा अहवाल निघाला. विषय होता कारखान्यांत आणि धंद्यांत राबणारी मुलं. त्याआधीच्या वर्षी याच आयोगाने कोळशाच्या खाणीतल्या मुलांवर अहवाल दिला होता. त्यातली वर्णनं वाचून लोक इतके हादरले, की १८४२ मध्ये कायदा करून बायकांना आणि १० वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवायला बंदी घालावी लागली. दुसरा अहवाल वाचून डिकन्स पेटला. गरिबांच्या मुलांसाठी देशाला आवाहन करणारं एक पत्रक काढायचं त्याने ठरवलं. मग काही दिवसांत विचार बदलला. ज्या डॉक्टर मित्राने तो अहवाल पाठवला होता, त्याला त्याने कळवलं की थोडं थांबा, वर्षाअखेरीला असा काही घणाचा घाव घालतो की पत्रकाच्या वीसपट जोर असेल.

सप्टेंबरमध्ये तो लंडनच्या फील्ड लेन भागातली एक ‘रॅगेड स्कूल’ बघून आला. नावातच अर्थ आहे, फाटक्या कपड्यांतल्या मुलांची शाळा. जिथे दुसरी कुठली शाळा घेणार नाही अशा मुलांना तिथे फुकट शिकवायचे. जे पाहिलं त्याने तो सुन्न झाला. अँजेला बर्डेट-कूट्स ही त्या काळची इंग्लंडमधली एक अतिश्रीमंत आणि दानशूर बाई. तिला त्याने पत्र लिहून सगळं कळवलं. ऑक्टोबरमध्ये मँचेस्टरला कामगारांच्या शिक्षणावर भाषण दिलं, आणि मग साधारण सहा आठवड्यांत पुस्तक लिहून हातावेगळं केलं. लिहिताना तो रडायचा, हसायचा, आणि रात्री सगळं लंडन झोपल्यावर मैलोन्‌मैल पायी भटकायचा.

हे त्याला इतकं का लागलं? कारण तो स्वतः त्या मुलांतला एक होता. १८२४ मध्ये त्याचे वडील कर्ज फेडता आलं नाही म्हणून मार्शलसी तुरुंगात गेले. १२ वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना कागद आणि लेबलं लावत बसायचा, आठवड्याला ६-७ शिलिंगवर. मोठा झाल्यावर ही गोष्ट त्याने जवळजवळ कुणालाच सांगितली नाही.

आणि १८४३ साली तो काही गबर नव्हता. आधीच्या कादंबरीचा खप कमी झाला होता, पाचवं मूल येऊ घातलं होतं, अंगावर देणी होती. पुस्तकातून १,००० पौंड सुटतील असा त्याचा अंदाज. पण त्याने हट्टाने सोनेरी कडांची पानं, रंगीत चित्रं घातली आणि किंमत ठेवली ५ शिलिंग. पहिल्या ६,००० प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. हिशोब झाला तेव्हा हातात आले २३० पौंड! नाताळातल्या देण्यावरचं जगातलं बहुधा सगळ्यात गाजलेलं पुस्तक असं कर्जाच्या काळजीत लिहिलं गेलंय, हे आपण लक्षात ठेवू.

स्क्रूज नेमकं काय काय देतो?

आता गोष्टीत जाऊ. स्क्रूज लंडनचा सावकार. त्याच्या पेढीवर बॉब क्रॅचिट नावाचा कारकून आहे, पगार आठवड्याला १५ शिलिंग. हिशोब करून बघा. कोलची १५ कार्डं म्हणजे बॉबचा आठवड्याचा पगार. आणि ज्या पुस्तकात बॉबची गोष्ट आहे, ते पुस्तक घ्यायला बॉबला आठवड्याच्या पगारातला तिसरा हिस्सा मोजावा लागला असता!

नाताळच्या आदल्या दिवशी दोन सद्गृहस्थ पेढीवर वर्गणी मागायला येतात, गरिबांसाठी. स्क्रूज त्यांना विचारतो, तुरुंग आहेत ना? वर्कहाउस आहेत ना? वर्कहाउस म्हणजे १८३४ च्या गरीब-कायद्याने ठिकठिकाणी उभारलेली सरकारी आश्रयघरं. आत गेलं की नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. जेवण बेताचं आणि काम ढोर. मुद्दाम इतकं कठीण, की कुणाला तिथे यावंसंच वाटू नये. स्क्रूजचं म्हणणं असं, की मी कर भरतो, त्यातून हे सगळं चालतं, माझा संबंध संपला. ऐकल्यासारखं वाटतंय ना? ‘आपण टॅक्स भरतो की!’

मग त्या रात्री भुतं येतात, त्याला त्याचा भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य दाखवतात, आणि नाताळच्या सकाळी स्क्रूज बदललेला उठतो. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पण उठल्यावर तो काय काय करतो, त्याची यादी कुणी करत नाही. आपण करू.

पहिली गोष्ट. तो एक भलीमोठी टर्की विकत घेऊन बॉबच्या घरी पाठवतो, पण कुणी पाठवली ते कळू देत नाही.

दुसरी. रस्त्यात तेच वर्गणीवाले गृहस्थ भेटतात, तेव्हा त्यांच्या कानात एक आकडा सांगतो. आकडा आपल्याला कळत नाही. एवढंच कळतं, की त्यात मागच्या पुष्कळ वर्षांची थकबाकी धरलेली आहे. ‘थकबाकी’ हा शब्द बघा. देणगीला कुणी थकबाकी म्हणतं का?

तिसरी. तो भाच्याच्या घरी जेवायला जातो. दरवर्षी भाचा बोलवायचा, दरवर्षी हा झिडकारायचा. यंदा दारात उभा राहतो आणि विचारतो, आत येऊ का? म्हणजे ज्याने कधी कुणाकडून काही घेतलंच नाही, तो घ्यायला शिकतो.

चौथी गोष्ट दुसऱ्या दिवशीची, २६ डिसेंबरची. बॉब कामावर उशिरा येतो. स्क्रूज आधी त्याला दटावल्याचं नाटक करतो आणि मग त्याचा पगार वाढवतो.

मला विचाराल तर चारांत सगळ्यात महत्त्वाची ही चौथी. टर्की एका दिवसात संपते. टायनी टिम, बॉबचा तो आजारी लहानगा, जगतो तो पुढे वर्षभर घरात काय येतं त्यावर. दान दिलं पण मजुरी मारली, तर ते दान कसलं? डिकन्सने नाताळची गोष्ट पगारवाढीपर्यंत आणून सोडली, हे त्या अहवालाचं देणं होतं.

आणि एक. वर्तमानाच्या भुताच्या झग्याखाली दोन खंगलेली पोरं दिसतात, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाचं नाव अज्ञान, मुलीचं नाव वाण. दोघांत जास्त सांभाळ मुलापासून, असं ते भूत बजावतं. फील्ड लेनची ती शाळा अशी पुस्तकात आली.

मग आनंदाचं काय?

थांबा, येतोय त्याच्याकडे. कारण हे सगळं ऐकून वाटेल, की नाताळ म्हणजे नुसता कर्तव्याचा पाढा. तसं असतं तर हे पुस्तक कुणी दुसऱ्यांदा वाचलं नसतं.

पुस्तकातला सगळ्यात आनंदी प्रसंग आहे क्रॅचिटांच्या घरचं जेवण. आई, बाप आणि सहा मुलं. हंस एकच, तोही लहान. गरिबांच्या घरात तेव्हा भट्टी नसायची, म्हणून मांस भाजायला बेकरीवर द्यायचे आणि वासाचा माग काढत घरी आणायचे. आपल्याकडे दिवाळीआधी नानकटाईचे पत्रे घेऊन बेकरीसमोर रांग लागते ना, तेच! पुडिंग शिजतं कपडे उकळायच्या हंड्यात. एवढ्या माणसांना ते पुडिंग पुरणार नाही हे सगळ्यांना दिसतंय, पण बोलत कुणी नाही. आणि तरी त्या टेबलावर जो दंगा आहे, तो श्रीमंत स्क्रूजच्या घरात कधीच नव्हता.

डिकन्स इथे गरिबी गोड करून दाखवतोय का? काही टीकाकार तसं म्हणतात, आणि तो धोका आहेच. पण मला दिसतं ते असं, की आनंद त्या घरात आधीपासून आहे. स्क्रूज तो घेऊन येत नाही. उलट तो आनंद बघून स्क्रूजचं मन पाघळतं. म्हणजे देणारा आनंद वाटतो आणि घेणारा बिचारा घेतो, असं हे सरळ नाही. देणाऱ्यालाच काहीतरी मिळतं.

प्रेषितांची कृत्ये, २० वा अध्याय आठवा. पौल इफिसच्या वडीलजनांचा निरोप घेताना येशूचं एक वचन सांगतो, घेण्यापेक्षा देण्यात जास्त धन्यता आहे या अर्थाचं. गंमत अशी, की हे वचन चारही शुभवर्तमानांत कुठेच नाही. पौलाने सांगितलं म्हणून उरलं. आणि त्यात ‘देणं हे कर्तव्य’ असं म्हटलेलं नाही, ‘धन्यता’ म्हटलंय.

कडेची चित्रं कुठून आली?

आता हॉर्सलीच्या कार्डाकडे परत. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र. ख्रिस्ती घरात वाढलेल्याला हे लगेच ओळखू येईल. मत्तय, अध्याय २५. मी भुकेला होतो, उघडा होतो, तुम्ही काय केलंत, हा शेवटच्या न्यायाचा प्रसंग. म्हणजे कडेची चित्रं सजावट म्हणून आलेली नाहीत. सणाच्या टेबलाशेजारी तो प्रश्न आणून ठेवलाय.

लूकमध्ये, १४ व्या अध्यायात, येशू एका परुशाच्या घरी जेवायला बसलाय, आणि यजमानालाच सांगतो की मेजवानीला मित्र, भाऊबंद, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नकोस, कारण ते उलट तुला बोलावतील आणि फिटंफाट होईल. ज्यांना परत बोलावता येणार नाही त्यांना बोलाव. ऑफिसातल्या ‘सीक्रेट सांता’ला ही कसोटी लावून बघा. ५०० ची मर्यादा, मी ५०० चं देतो, मला ५०० चं मिळतं. मजा येते, नाही असं नाही. पण हिशोब तिथल्या तिथे मिटतो.

आणि ज्याच्या नावाने हा खेळ चालतो, तो मूळचा सांता कोण? चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप निकोलस. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं देमरे. त्याच्या आयुष्याबद्दल ठाम इतिहास फार थोडा आहे, पण एक आख्यायिका शतकानुशतकं टिकून आहे. एका बापाच्या तीन मुली, घरात दारिद्र्य. हुंड्याला पैसे नाहीत, म्हणून लग्नं होत नाहीत, आणि पोरींना देहविक्रीला लावायची वेळ आलेली. निकोलस रात्रीच्या अंधारात त्यांच्या खिडकीतून सोन्याची थैली आत टाकतो. एकदा, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला बाप त्याला पकडतो, तर निकोलस म्हणतो, कुणाला सांगू नकोस.

हुंड्यापायी अडलेल्या मुली! ही गोष्ट मराठी माणसाला परकी वाटायचं कारणच नाही. आणि सांताच्या ‘सीक्रेट’चा मूळ अर्थही तिथे आहे. अंधारात यायचं ते गंमत म्हणून नाही. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून. स्क्रूजची टर्की निनावी येते, ती याच परंपरेतून.

अजून मागे जाऊ, थेट पहिल्या नाताळापर्यंत. लूकच्या दुसऱ्या अध्यायात एक बारीक तपशील आहे. बाळाला घेऊन मरीया आणि योसेफ यरुशलेमच्या मंदिरात जातात. तिथे अर्पण कशाचं? होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिल्लं. आता लेवीय, अध्याय १२ उघडा. बाळंतिणीच्या शुद्धीकरणासाठी मूळ अर्पण कोकराचं आहे. ज्यांना कोकरू परवडत नाही, त्यांच्यासाठी पक्ष्यांची सवलत. म्हणजे हे कुटुंब गरिबांच्या सवलतीत बसणारं होतं. जन्मल्यावर बाळाला ठेवलं गव्हाणीत, आणि पुढे जीव वाचवायला पळावं लागलं मिसर देशात. ज्याचा वाढदिवस आपण मधल्या चित्रात साजरा करतो, तो जन्माने कडेच्या चित्रातला होता.

मला वाटतं, ख्रिस्ती माणसासाठी नाताळातल्या देण्याचा सगळा अर्थ इथेच आहे. कडेच्या माणसांना देणं ही सणानंतर, पैसे उरले तर करायची गोष्ट राहत नाही. सणाचा जो मालक आहे, त्याच्याच घरी जाण्यासारखं आहे ते.

पोस्त आणि मडकं

जुन्या इंग्लंडमध्ये ही कडेची बाजू सांभाळायला एक दिवसच होता, नाताळचा दुसरा दिवस. घरचे नोकर, शिकाऊ मुलं, सामान पोचवणारे, पत्रं आणणारे, यांना त्या सुमाराला पेटीतून पैसे किंवा वस्तू द्यायची रीत. ती पेटी म्हणजे ‘ख्रिसमस बॉक्स’, त्यावरून ‘बॉक्सिंग डे’ हे नाव आलं असं सांगतात. आपल्याकडची दिवाळीची पोस्त, दुसरं काय! १८७१ मध्ये तिथे या दिवशी अधिकृत सुट्टी सुरू झाली. आणि आज? आज बॉक्सिंग डे म्हटलं की क्रिकेटची टेस्ट मॅच आणि दुकानांचे सेल.

इथेच कळतं की कडेची चित्रं कशी पुसली गेली. कुणी ठरवून पुसली नाहीत. १८४८ मध्ये एका इंग्रजी साप्ताहिकाने राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं सजवलेल्या झाडाभोवतीचं चित्र छापलं आणि घरोघरी झाड आलं. ब्रिटनमध्ये भेटवस्तूंचा मान पूर्वी नववर्षाला होता, तो हळूहळू नाताळकडे सरकला आणि घरच्या मुलांभोवती गोळा झाला. कारखान्यात खेळणी स्वस्त बनू लागली, दुकानं सजली. यातलं काहीच वाईट नाही. मुलांना खेळणी मिळाली तर त्यात रडायचं काय? फक्त टेबल घरच्यांनीच इतकं भरलं, की दाराकडे कुणाची नजर जाईना.

पण ती चित्रं पूर्ण पुसलीही गेली नाहीत. १८४४ च्या वसंतात ‘जंटलमन्स मॅगझिन’ने लिहिलं, की देशात दानधर्म वाढलाय आणि त्याचं श्रेय डिकन्सच्या पुस्तकाला आहे. डिकन्सने स्वतः १८५३ च्या नाताळात बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये कामगारांच्या शिक्षणसंस्थेच्या मदतीसाठी हे पुस्तक वाचून दाखवलं, एक पैसा न घेता. आणि आग्रह धरला, की एक प्रयोग खास कामगारांसाठी हवा, त्यांना परवडेल अशा तिकिटात. ३० डिसेंबरला तो झाला. ज्या बॉबला पुस्तक परवडत नव्हतं, त्याच्यापर्यंत ते असं पोचलं.

मग १८९१, सॅन फ्रान्सिस्को. साल्व्हेशन आर्मीचा कॅप्टन जोसेफ मॅकफी. गावातल्या १,००० गरिबांना नाताळचं जेवण द्यायचं त्याने मनात धरलं, पण खिशात पैसे नाहीत. साल्व्हेशन आर्मीवाले सांगतात ती हकिगत अशी, की त्याला खलाशी असतानाचे दिवस आठवले. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल बंदरावर एक मोठं मडकं ठेवलेलं असायचं, येणारेजाणारे त्यात गरिबांसाठी नाणी टाकायचे. मॅकफीने तसंच एक भांडं फेरीबोटीच्या धक्क्यावर तिकाटण्याला टांगलं. जेवण झालं! अमेरिकेत डिसेंबरमध्ये दुकानांबाहेर घंटा वाजवत उभी असलेली माणसं आणि लाल किटली दिसते, ती त्या भांड्याची वंशावळ.

आणि हीच संस्था महाराष्ट्रात मुक्तिफौज म्हणून ओळखली जाते. १९ सप्टेंबर १८८२ ला फ्रेडरिक टकर चार-दोन साथीदारांना घेऊन मुंबईच्या बंदरावर उतरला, तेव्हापासून. आयसीएसची नोकरी सोडून आलेला हा माणूस इथे फकीर सिंग हे नाव घेऊन, भारतीय कपड्यांत, अनवाणी फिरायचा. वरून हात खाली करून देण्यापेक्षा आधी शेजारी जाऊन बसावं, हे त्याला उमगलं असावं. नगरचं बूथ हॉस्पिटल आजही मुक्तिफौजेचंच आहे.

आता आपला डिसेंबर

तर मंडळी, यातून आपण काय उचलायचं? नैतिक व्याख्यान देणार नाही, घाबरू नका. फक्त स्क्रूजची ती यादी पुन्हा समोर ठेवतो, आपल्या भाषेत.

एक, एखादी भेट तरी अशी असू दे जिच्यावर नाव नाही आणि जिचा फोटो नाही. स्टेटसवर टाकलेल्या मदतीत घेणाऱ्याचा चेहरा दिसतो. त्याच्या मुलांच्या वर्गमित्रांनाही तो दिसतो. निकोलस खिडकीतून का द्यायचा, ते तिथे कळतं.

दोन, कुणाची थकबाकी आहे का बघा. घरकामाच्या मावशींचा पगार, दुकानदाराची उधारी, मित्राचे राहिलेले पैसे. पोस्त देण्याआधी पगार वेळेवर द्यावा. आणि तुमच्या हातात कुणाचा पगार ठरवणं असेल, तर स्क्रूजचा २६ डिसेंबर लक्षात ठेवा.

तीन, फराळाचं एक ताट अशा घरी जाऊ दे जिथून ते भरून परत येणार नाही. आपल्याकडे रिकामं ताट परत पाठवत नाहीत, ही चांगलीच रीत आहे. वसई असो, नगर असो की गोवा, करंज्या आणि केक शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांत जातात, आणि दिवाळी-ईदला तिकडून ताटं येतात. ते चालूच राहू दे, गावाला धरून ठेवणारा तो धागा आहे. त्यात एक ताट वाढवा, एवढंच.

चार, कुणी बोलावलं तर जा. ही सगळ्यात कठीण. तुमच्यापैकी कित्येक जण यंदा पुण्यात, मुंबईत, दुबईत एकट्या खोलीत नाताळ काढणार आहेत. काहींची घरी कुणाशी तरी बोलाचाली बंद आहे. काहींची नोकरी गेलीय, यंदा द्यायला काहीच नाही, म्हणून चर्चला जायचीसुद्धा लाज वाटतेय. त्यांना सांगायचंय, की स्क्रूजने त्या सकाळी दिलेल्या सगळ्या गोष्टींत एक अशी होती जिला एक पेनीही लागली नाही. तो भाच्याच्या दारात गेला आणि आत येऊ का म्हणाला. भाच्याचा दरवर्षीचा नाताळ त्या एका प्रश्नासाठी अडून राहिला होता. कधी कधी आपण जाऊन बसणं हीच समोरच्याला दिलेली भेट असते. आणि गव्हाणीभोवती जमलेल्या मेंढपाळांनीही तरी काय आणलं होतं? लूक काहीच सांगत नाही. ते आले, त्यांनी पाहिलं, आणि आनंद करत परत गेले.

हॉर्सलीच्या कार्डातलं मधलं चित्र खोडायला मी सांगत नाहीये. केक कापा, झाड लावा, कॅरोल गात रात्रभर फिरा, पोरांना खेळणी द्या. फक्त त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी आहे, आणि ती कुणी भरायची हे अजून ठरलेलं नाही.

तुमच्या गावात, तुमच्या चर्चमध्ये नाताळात देण्याची एखादी जुनी रीत असेल, आजी-आजोबांनी सांगितलेली, तर आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. नाव नको असेल तर निनावी पाठवा, आजच्या भागाला ते शोभूनच दिसेल! निवडक आठवणी जानेवारीच्या पहिल्या भागात ऐकवू.

तोपर्यंत, नाताळच्या मनापासून शुभेच्छा. भेटू पुढच्या भागात.